सेकंडहँड लॅपटॉप सुरूच होत नाहीये, आत तात्यांच्या आठवणी आहेत

दांडियाबाजारकर | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. गणपतीच्या आधी लेकीसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला, साडेअकरा हजाराला. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, १४ इंची, इंटेलचा पाचव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि २५६ जीबीची एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क). लेक इथे बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. दोन महिने छान चालला, एकच त्रास होता की घड्याळ मागे जायचं, कधी कधी तारीख थेट २०१५ ची दाखवायचा आणि मग कुठलीही वेबसाइट उघडायला गेलं की सुरक्षित नाही म्हणून अडवायचा. ती तारीख नीट करायची आणि पुढे चालू.

परवा सकाळपासून चालूच होत नाहीये. बटण दाबलं की पॉवरचा दिवा लागतो, पंखा दोन-तीन सेकंद फिरतो, मग सगळं बंद, मग आपोआप परत लागतो, परत पंखा, परत बंद, असं तीन-चार वेळा करून गप्प बसतो. स्क्रीन काळीच. कंपनीचं नावसुद्धा येत नाही.

जिथून घेतला तिथे नेला तर त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं की मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला, चिप लेव्हलचं काम आहे, साडेचार हजार होतील आणि डेटाची गॅरंटी नाही. गॅरंटी एक महिन्याचीच होती, ती संपली. पैशांचं मी बघेन कसंतरी, पण आत माझ्या सासऱ्यांच्या आठवणी आहेत. तात्या ८४ वर्षांचे आहेत, शाळेत मास्तर होते. रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून सांगतात आणि लेक टाइप करते. त्यांचे वडील सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण आणलं त्यातल्या शाळेत शिकलेले, मुलगा शाळेत गेला नाही तर घरच्यांना दंड व्हायचा, त्या सगळ्या गोष्टी. ६२ पानं झालीत आणि दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. तात्यांना अजून सांगितलेलं नाही, लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय इतकंच म्हटलंय. काय करू?

मांजलपूर२२ | सोमवार, रात्री १०:०५

ताई चार्जर ओरिजिनल आहे का? माझ्याकडे सेम झालं होतं, चार्जरच गंडला होता. दुसऱ्या कुणाचा त्याच पिनचा चार्जर लावून बघा आधी.

रिफायनरीवाला_काका | सोमवार, रात्री १०:४०

ताई, पहिली गोष्ट, घाबरू नका, तात्यांची पानं बहुतेक सुखरूप आहेत. लॅपटॉप चालू न होणं आणि एसएसडी खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएसडी पूर्ण काढून ठेवली तरी चांगला लॅपटॉप कंपनीचं नाव दाखवतो आणि मग डिस्क सापडत नाही असं लिहून येतं. तुमच्याकडे नावच येत नाहीये म्हणजे गाडी डिस्कपर्यंत पोचतच नाहीये, त्याच्या आधी अडतेय. त्यामुळे डिस्क आतमध्ये नुसती वाट बघत पडली असणार.

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात ३१ वर्षं काढली, आणि तिथली एक सवय तुम्हाला देतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की बघायचं, आणि काय झालं ते कागदावर लिहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि दोन आठवड्यांनी परत बंद पडलं की आपण तिथेच.

दुकानात पाच मिनिटांत मदरबोर्ड कळत नाही. मला त्या माणसाबद्दल काही म्हणायचं नाही, पण रॅम काढून बघितली का, घड्याळाचा सेल मोजला का, फक्त चार्जरवर चालवून बघितला का, हे विचारा. ही तीन कामं केल्याशिवाय बोर्डाचं नाव घ्यायचं नसतं. आणि तुम्ही जे लिहिलंय ना, लागतो, बंद होतो, आपोआप परत लागतो, हे वाचून माझं मन सरळ रॅमकडे जातंय. मशीन सुरू होताना आधी रॅम तपासतं, नाही जमलं की स्वतःच परत प्रयत्न करतं. पण आत्ताच नक्की म्हणत नाही.

आज रात्री एवढंच करा. चार्जर काढा, बॅटरी खालून निघणारी असेल तर ती काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आतला उरलेला करंट निघून जातो. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करा. चालू केल्यावर कॅप्स लॉक दाबून बघा त्याचा दिवा लागतो-विझतो का. लागत-विझत असेल तर मशीन आतून जागं आहे आणि भानगड फक्त स्क्रीनची आहे. नसेल तर पुढे बघू.

अलकापुरी_एक्स्प्रेस | सोमवार, रात्री ११:१५

दहा वर्षं जुनं मशीन आहे हे, त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पाचव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून पुढे लागतं. माझं प्रामाणिक मत, साडेचार हजार यात अजिबात घालू नका. डेटा काढा आणि त्या पैशात थोडी भर टाकून आठव्या पिढीचं बघा.

दांडियाबाजारकर | मंगळवार, सकाळी ७:३०

काका खूप खूप आभार, रात्री तुमचं वाचून झोप लागली. बॅटरी खालून निघते, काढली, ३० सेकंद दाबलं, नुसत्या चार्जरवर लावलं तर तेच. दिवा, पंखा, बंद, परत. कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही.

अलकापुरी, तुमचं पटतंय पण आत्ता लगेच दुसरं घेणं शक्य नाही, लेकीची फी याच महिन्यात भरली.

चार्जर दुकानदारानेच दिलेला आहे, लेबलवर १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर लिहिलंय. शेजारच्या वाड्यातल्या भावजींकडे मल्टीमीटर आहे, ते येतो म्हणालेत संध्याकाळी.

रिफायनरीवाला_काका | मंगळवार, सकाळी ८:१०

उत्तम. १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५ वॉट, तुमच्या मशीनला बरोबर आहे. भावजींना सांगा मीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या नाही तर २० च्या रेंजला ठेवा. काळी वायर पिनच्या बाहेरच्या धातूला, लाल आतल्या कड्याला. पिनच्या मधोमध केसासारखी बारीक सुई दिसत असेल तर तिला लाल टोक लागू देऊ नका, ती फक्त चार्जरची ओळख सांगणारी तार असते, तिचा आणि आतल्या कड्याचा शॉर्ट झाला तर ओळख पटवणारी चिप जाते आणि मग लॅपटॉप बॅटरी चार्ज करत नाही.

आणि मीटरवर १९.५ आलं म्हणून चार्जर पास झाला असं नाही. लोड नसताना मरायला टेकलेला चार्जरही बरोबर आकडा दाखवतो. मांजलपूर२२ म्हणतायत ते करून बघाच, दुसरा त्याच वॉटचा चार्जर लावून.

विश्वामित्रीकाठी | मंगळवार, दुपारी १:२०

ताई एक विचारू का, हा लॅपटॉप पुरातून निघालेला तर नाही ना? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या, म्हणजे २५ फुटांच्या कितीतरी वर गेली होती तेव्हा आमच्या अकोट्याच्या घरात कमरेइतकं पाणी होतं, माझा लॅपटॉप टेबलाच्या खालच्या खणात होता, तो गेला. पाणी उतरल्यावर मी चिखल पुसला, तीन दिवस उन्हात ठेवला आणि चालू केला. चालूही झाला! मला इतका आनंद झाला होता. दीड महिना चालला आणि मग एक दिवस बंद. उघडला तर बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर, चिपांच्या पायांच्या आजूबाजूला. पाणी सुकतं पण त्यातला क्षार आत राहतो आणि हळूहळू तांबं खातो, वीज चालू असली की जास्त भरभर. मी चालू करायची घाई केली नसती, आधी उघडून धुऊन घेतला असता तर वाचला असता असं मला नंतर सांगितलं.

त्या पुरानंतर असे किती लॅपटॉप पुसून-बिसून विकले गेले असतील ते देव जाणे. म्हणून म्हणतेय, खालचं झाकण उघडाल तेव्हा आधी रंग बघा. आणि स्क्रूंची डोकी गंजलेली आहेत का बघा, पुरातल्या मशीनचे स्क्रू लपत नाहीत.

फतेगंज_टू_फोर्ट | मंगळवार, दुपारी १:४५

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. अजून एक, पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या जागेजवळ किंवा कीबोर्डच्या खाली छोटा पांढरा ठिपक्यासारखा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. असेल तर दिसेल.

दांडियाबाजारकर | मंगळवार, रात्री ९:३०

भावजी आले होते. चार्जर मीटरवर १९.४ दाखवतो. त्यांच्या मुलाचा तसाच चार्जर लावला, तरी तेच. म्हणजे चार्जर नाही.

मग आम्ही खालचं झाकण उघडलं. लेकीने मोबाइलवर व्हिडिओ काढत काढत उघडलं म्हणजे कुठला स्क्रू कुठला ते कळावं, भावजींनी स्क्रू एका थाळीत कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागेवर ठेवले. विश्वामित्रीकाठी ताई, तुमचं वाचून छातीत धस्स झालं होतं पण गंज कुठे नाही, हिरवं-पांढरं काही नाही, स्क्रू चकचकीत आहेत. धूळ मात्र इतकी होती की पंख्याच्या जाळीसमोर गोधडीच झालेली, ती ब्रशने काढली. पांढरा ठिपका सापडला, तो पांढराच आहे.

काका, एसएसडी कशी दिसते ते कळलं, सपाट चौकोनी डबी, तिला हात लावला नाही. आता सांगा.

रिफायनरीवाला_काका | मंगळवार, रात्री १०:१०

बरं झालं पाणी नाही. भावजींची थाळीची पद्धत आवडली, मी पण तेच करतो.

आधी एसएसडीच काढू, कारण मशीनचं काय व्हायचं ते होवो, तात्यांची पानं आधी बाहेर आली पाहिजेत. चार्जर आणि बॅटरी काढलेली आहेत याची खात्री करा. एक-दोन स्क्रू असतील, डबी बाजूला सरकवली की निघते. यूएसबी ते साटा अशी केबल मिळते, तीन-चारशेच्या आसपास, कंप्युटरच्या कुठल्याही दुकानात मागा. ती लावून भावजींच्या कंप्युटरला जोडा. यूजर्स नावाच्या फोल्डरमध्ये लेकीच्या नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स. उघडताना परवानगी नाही असं म्हणेल, खाली कंटिन्यू दाबायचं. कॉपी दोन ठिकाणी करा, एक पेनड्राइव्हवर आणि एक कुठेतरी ऑनलाइन. मग ती डबी कपाटात. मशीन चालू करून बघायला ती लागत नाही.

मग रॅम. दोन पट्ट्या असतील तर दोन्हीचा जवळून फोटो काढा, स्टिकर वाचता येईल असा, आणि त्यावर काय लिहिलंय ते इथे टाका. काढण्याआधी हात एकदा नळाला किंवा लोखंडी खिडकीला लावा. फोटोशिवाय पुढे जाऊ नका.

मांजलपूर२२ | मंगळवार, रात्री १०:३०

स्टिकरने काय होणार काका? रॅम काढायची, खोडरबराने घासायची, परत लावायची, ९० टक्के वेळा चालू होतो 🙏

रिफायनरीवाला_काका | मंगळवार, रात्री १०:५५

खोडरबर मीही वापरलाय, नाही म्हणत नाही. पण त्याचा बारीक कीस स्लॉटमध्ये पडतो आणि जोरात घासलं तर वरचा सोन्याचा पातळ थर जातो, मग ती जागा पुढे लवकर काळी पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्केवालं घ्या, चष्म्याच्या फडक्यावर दोन थेंब आणि एकाच दिशेने पुसा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. स्टिकर का, ते फोटो आल्यावर सांगतो, मला एक शंका आहे.

दांडियाबाजारकर | बुधवार, संध्याकाळी ६:४०

पानं मिळाली!!! सगळी ६२. भावजींच्या कंप्युटरवर फाइल उघडली आणि पहिलं वाक्य दिसलं, "आमचा वाडा दांडिया बाजारात, आणि शाळेची घंटा घरात ऐकू यायची", आणि लेक तिथेच रडायला लागली. पेनड्राइव्हवर घेतली, मेलवर टाकली, आणि मी एक प्रिंटही काढून आणली. काका तुमचे आभार कसे मानू.

आता रॅम. दोन पट्ट्या आहेत, दोन्ही ४ जीबी. एकीवर लिहिलंय पीसी३एल-१२८००एस. दुसरीवर पीसी३-१२८००एस. बाकी रंग एकच हिरवा, कंपन्या वेगळ्या.

रिफायनरीवाला_काका | बुधवार, संध्याकाळी ७:०५

हीच ती शंका ताई. त्या एका "एल" मध्ये सगळं आहे.

पीसी३ म्हणजे साधी डीडीआर३ जातीची रॅम, तिला दीड व्होल्ट लागतो. पीसी३एल म्हणजे डीडीआर३एल, ती १.३५ व्होल्टवर चालते. तुमच्या पाचव्या पिढीच्या प्रोसेसरला फक्त १.३५ वालीच रॅम चालते, बोर्ड स्लॉटला तेवढंच देतो. उलटं चालतं, म्हणजे एलवाली पट्टी जुन्या दीड व्होल्टच्या मशीनमध्ये घातली तर ती बहुतेक चालून जाते. पण दीड व्होल्टवाली पट्टी १.३५ वर अर्धपोटी राहते. काही अजिबात चालू होत नाहीत, आणि काही चालतात, महिना दोन महिने चालतात, आणि मग एक दिवस थोडी कुरकुर झाली की मशीन सुरू होतानाच तपासणीत नापास. दिसायला दोन्ही सारख्या, खाच एकाच जागी, सहज बसते, म्हणून कुणालाही कळत नाही.

लॅपटॉपबरोबर मूळ चारचीच पट्टी आली असणार आणि आठ जीबी करून विकण्यासाठी कुठल्यातरी जुन्या मशीनमधली दुसरी घातली असणार. मुद्दाम केलं असंही मी म्हणणार नाही, घाईत एल वाचलाच जात नाही.

आता करायचं ते असं. साधी पीसी३ पट्टी काढून बाजूला. एलवाली पट्टी पुसून पहिल्या स्लॉटमध्ये. तिरकी, साधारण ३० अंशात आत सरकवायची, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक करून बसतात. ती टक ऐकू आलीच पाहिजे. नुसत्या चार्जरवर चालू करा. आणि चालू केल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, रॅम बदलली की पहिल्यांदा मशीन काळ्या स्क्रीनवर बराच वेळ घेतं, लोक तिथेच घाबरून बटण दाबून बंद करतात.

विश्वामित्रीकाठी | बुधवार, संध्याकाळी ७:२०

श्वास रोखून बसलेय मी इथे 🤞 पानं मिळाली हे वाचून फारच बरं वाटलं.

समर्थ_वाडी | बुधवार, संध्याकाळी ७:३५

मधेच घुसतोय माफ करा, पण वाचता वाचता माझा लॅपटॉप बघितला तर टचपॅड एका बाजूने वर आलाय आणि क्लिक होत नाहीये, चार्जही होत नाही. हे पण रॅमचं असेल का? काही घासून-बिसून बघू का?

रिफायनरीवाला_काका | बुधवार, संध्याकाळी ७:४०

समर्थभाऊ, आत्ताच्या आत्ता चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. ते रॅमचं नाही, बॅटरी फुगलीय आणि टचपॅडला खालून ढकलतेय. झाकण दाबून बंद करायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, वाकवू नका, गादीवर-सोफ्यावर ठेवू नका. फरशीवर ठेवा, जवळ कापड-कागद काही नको. उद्या सकाळी बॅटरी काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या, आणि ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी निघाली की तुमचं मशीन बहुतेक चार्जरवर नीट चालेल. पण आज रात्री त्याला हात लावू नका.

समर्थ_वाडी | बुधवार, संध्याकाळी ७:५२

बाप रे. काढला. अंगणात फरशीवर ठेवलाय, वर छप्पर आहे. आभार काका.

दांडियाबाजारकर | बुधवार, रात्री ८:४५

चालू झाला!!!!!

काका चालू झाला. तुम्ही सांगितलं तसं, टक दोन्ही बाजूंनी ऐकली, बटण दाबलं, दिवा, पंखा, आणि यावेळी पंखा बंदच झाला नाही, फिरत राहिला. स्क्रीन काळी. मी बंद करायला हात पुढे केला तर लेक ओरडली, आई थांब, काकांनी दोन मिनिटं सांगितलंय. आम्ही तिघं नुसते त्या काळ्या काचेकडे बघत उभे. साधारण मिनिटभराने कंपनीचं नाव आलं आणि मग इंग्रजीत लिहून आलं की तारीख-वेळ सेट करा. मागून तात्यांचा आवाज आला, "काय, आला का आपला लॅपटॉप?" त्यांना सगळं माहीत होतं म्हणे, परवाच भावजींना विचारून घेतलं होतं.

मांजलपूर२२ | बुधवार, रात्री ८:५०

वा वा वा!! सेव उसळ पार्टी पाहिजे ताई 😀 आणि काका, स्टिकरचं मी आज शिकलो, माझ्याकडच्या दोन्ही मशीनचे उघडून बघणार.

रिफायनरीवाला_काका | बुधवार, रात्री ९:१५

फार छान. तारीख मागतोय कारण आतला बटणासारखा सेल संपलाय, तीच तुमची २०१५ ची भानगड. मीटर आहेच, मोजून बघा, नवा असेल तर तीन व्होल्टच्या वर दाखवतो, अडीचच्या आसपास आला की बदलायचा. बहुतेक सीआर२०३२ असेल, पण लॅपटॉपमध्ये पुष्कळदा तो प्लास्टिकच्या आवरणात, दोन तारा आणि छोट्या कनेक्टरसकट येतो, त्यामुळे काढलेला जुना सोबत घेऊन जा आणि तसाच आणा. नुसता चकती सेल आणून तारांना डाग देत बसू नका, सेल तापला तर फुटतो.

एक काम अजून राहिलंय. ज्या पट्टीवर आता चालतोय ती पूर्ण निरोगी आहे का ते बघायचं. मेमटेस्ट८६+ म्हणून रॅम तपासणारा फुकट प्रोग्राम आहे, पेनड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन चालू करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. वेगळा पेनड्राइव्ह घ्या, तात्यांच्या पानांचा नको, कारण घालताना आधीचं सगळं पुसलं जातं. एकही लाल ओळ आली तर ती पट्टीही बदला. नाही आली तर एसएसडी परत बसवा.

अलकापुरी_एक्स्प्रेस | बुधवार, रात्री ९:४०

अभिनंदन ताई, आणि मी नवीन घ्या म्हणालो ते मागे घेतो. चार जीबीवर विंडोज १० रखडेल, आणि आता त्याला सुरक्षेचे अपडेटही नेहमीसारखे येत नाहीत. लेकीला टायपिंग, ब्राउझर आणि पीडीएफ एवढंच लागत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती चार जीबीत व्यवस्थित चालते. मराठी देवनागरी टायपिंग त्यात बसतं. आणि नंतर एक चारची पीसी३एल पट्टी घ्या, घेताना तो एल स्वतः वाचा.

फतेगंज_टू_फोर्ट | बुधवार, रात्री १०:००

बी.कॉम.ला टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) काम असेल तर आधी कॉलेजात विचारा, टॅली विंडोजवरच चालतं. एसएसडीची वाटणी करून विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतील, मी केलंय, लागलं तर सांगा, रविवारी येऊन करून देईन, फतेगंजहून दांडिया बाजार लांब नाही.

दांडियाबाजारकर | गुरुवार, दुपारी १२:३०

रात्रभर मेमटेस्ट चालवला, सकाळी बघितलं तर चार फेऱ्या पूर्ण आणि एरर शून्य. सेल मीटरवर २.१ दाखवत होता. जुना सेल हातात घेऊन गेले, तारांवालाच लागतो म्हटल्यावर दुसऱ्या दुकानात मिळाला, लावला, आता चार्जर आणि बॅटरी काढून तासभर ठेवलं तरी तारीख जागच्या जागी. एसएसडी बसवली, विंडोज उघडलं.

जिथून घेतला त्या दुकानातही गेले. भांडले नाही. दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एल दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग आतून शोधून चार जीबीची पीसी३एल पट्टी काढून दिली, पैसे घेतले नाहीत. ती आज रात्री मेमटेस्टला लावतेय, एकटीच, दुसरी काढून.

फतेगंज भाऊ, टॅली पुढच्या सेमिस्टरला आहे म्हणतेय लेक, तर दोन्ही ठेवायचं बघू, रविवारी सकाळी १० नंतर कधीही या, जेवूनच जायचं.

समर्थ_वाडी | गुरुवार, दुपारी १:०५

काका, बॅटरी काढून घेतली. पुरीसारखी फुगली होती अक्षरशः. चार्जरवर लॅपटॉप चालू आहे, टचपॅड आपोआप खाली बसला. नवीन बॅटरी पुढच्या महिन्यात.

दांडियाबाजारकर | शुक्रवार, रात्री ८:२०

दुसरी पट्टीही पास. आता आठ जीबी, दोन्ही एलवाल्या.

प्रिंट तात्यांना दिली होती. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही, आज संध्याकाळी झोपाळ्यावर लेकीच्या हातात ठेवली तर ६२ पानांवर लाल पेनने खुणा. पान १७ वर रावपुऱ्याच्या टॉवरचं नाव "चिमनाबाई" असं पडलं होतं, तिथे न खोडून ण केलाय, बाजूला वहीसारखी शुद्ध ओळ लिहिलीय, आणि खाली "पुन्हा लिहा" असं. लेक आत्ता तेच करत बसलीय.

रिफायनरीवाला_काका | शुक्रवार, रात्री ८:४५

तात्यांना माझा नमस्कार सांगा. आणि सेल कधी बदलला ती तारीख खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, झाकण पुढे कधी उघडेल तेव्हा उपयोगी पडते.